न फुटलेला बांध

पुतळीबाई जिना चढून वर आल्या तेव्हा नूतन घोसाळकर आणि तिचा दीर आदर्श यांचं मासळीवरून वाजलं होतं.

"आज पण वांगं? वहिनी, तीन दिवस झाले!"

"मग बाजारात तुम्हीच जात जा, भावोजी. कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्यात. भांगाचं पाणी, जाळ्यात काय यायचं, म्हणतात."

"ते माझ्या पोटाला सांगा."

नूतनचं ऑफिस पेणच्या बाजारात, एका पापडाच्या दुकानावर. पूर्वी ती एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. दावा खरा निघाला की साहेब ओरडायचे, खोटा निघाला की दावेवाले. वैतागून तिनं नोकरी सोडली आणि खाजगी तपासाची पाटी लावली. आदर्श स्कूटर चालवायचा, फोन घ्यायचा आणि सगळ्यांच्या मनात येणारा पहिला चुकीचा विचार मोठ्यानं बोलून दाखवायचा. त्याचा उपयोग होतो, असं नूतन म्हणायची. खरंच व्हायचा.

"बाय, तुमीच का त्या शोध लावनाऱ्या?" पुतळीबाई दारातच उभ्या राहिल्या. "माझ्या पोराला वाचवा गो. शनवारी त्याचं कल्यान हाय, नायतर वाटोलं."

पुतळीबाई वडखळच्या पुढच्या बेलखारच्या. खाडीचं खारं पाणी भातशेतीत येऊ नये म्हणून गावाभोवती मातीचा बांध आहे. तो फुटला की तिकडचे लोक म्हणतात, खांड गेली. मंगळवारी पहाटे बेलखारची खांड गेली होती. आज गुरुवार.

"मी एकादशीचा साबुदाना परतीत व्हते, तोच ओरडा झाला. धावले तर पानी आत! आता तो कोलंबीवाला पोपटशेठ पोलिसांत गेलाय. म्हनतो, बांध माझ्या प्रविणनं कापला."

प्रविण हा बांधाचा राखणदार. गावानंच नेमलेला. त्याला रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागत होती. रक्त तपासून झालं होतं, शनिवारी गेटपास मिळायचा होता, त्याला पोलिसांचा दाखला हवा होता. आणि दाखला देणाऱ्या चौकीतच त्याच्या नावाची तक्रार पडून होती.

"प्रविण काय म्हणतो?"

"मी नाय कापला, येवढंच. पुढं तोंडच उघडत नाय. घरात सासरा, जनू. जलम बांधावर गेला त्याचा. तोही जेवत नाय, बोलत नाय. बैल इकला तरी पेंढ्याची उडवी ठेवायचा, कवातरी लागंल म्हनायचा. ती निम्मी झालीय. कुनाला दिला इचारलं तर अंगावर येतो. सगल्यांना झालंय तरी काय?"

"बाकीचं गाव काय म्हणतं?"

"उधान आलं, दुसरं काय म्हननार?" पुतळीबाईंनी नजर फिरवली. "उधानानं फुटला तर शेताची भरपाई. मानसानं कापला तर दमडी नाय."

नूतननं पायात चपला घातल्या. "भावोजी, गाडी काढा. आणि वांग्याचं नाव काढू नका."

*

वडखळच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे वाहनं तुंबली होती. आदर्श सगळ्या ट्रकवाल्यांवर डाफरला, कोणीही हललं नाही. बेलखारला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

बांधावर एक पोकलेन उभं होतं. त्याच्या सावलीत ठेकेदार जगन मोबाईल बघत बसला होता.

"उधाण, मॅडम," तो विचारायच्या आधीच म्हणाला.

"मग बुजवत का नाही? परवा अमावास्या. उधाण आलं तर सगळं गाव खारं होईल."

"आदेश नाही. फुटला असेल तर तातडीचं काम, निविदा नाही, काम सरळ मला. कापला असेल तर गावानं आपल्या खर्चानं बुजवायचं. पोपटशेठनं तक्रार केली, फाईल अडकली. माझं मशीन इथं गंजतंय."

"म्हणजे फुटण्यात तुझा फायदा!" आदर्श गरजला.

"मग? मी काय इथं कीर्तन करायला आलोय?" जगनला जरासुद्धा लाज वाटली नाही. "पण मला कापायचाच असता ना साहेब, तर तिकडे उघाडीपाशी कापला असता."

उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा, शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडणारा. ती दूर दिसत होती. तिच्या बाजूची माती खचलेली, फळ्या कुजलेल्या.

"तिथं हात लावला की अर्धा बांध जातो. काम चौपट. इथं, या टोकाला कापून काय मिळणार?"

खरंच होतं. खांड पडली होती ती बांधाच्या धडधाकट भागाला. आतल्या बाजूला फक्त एक पडीक तुकडा, आणि त्याच्यामागे आतला बुटका बांध. तो शाबूत होता. त्याच्यापलीकडची शेतं कोरडी ठणठणीत. पडीक तुकडा मात्र पाण्याखाली होता.

"हा तुकडा कोणाचा?"

"जनू म्हाताऱ्याचा. कधीचा खारवलाय, काही पिकत नाही."

आदर्श थकला होता. खांडीजवळ पेंढ्याचा एक ढीग दिसला, त्यावर त्यानं बैठक मारली आणि किंचाळून उठला. पँट मागून चिंब.

"कोणी ओला पेंढा इथं आणून टाकला? मूर्ख लोक!"

नूतननं पेंढा उचलून बघितला. खाली चिखलाचे मोठे मोठे गोळे एकावर एक नीट रचले होते. तिनं पेंढा होता तसा ठेवला.

तेवढ्यात एक तरणा पोरगा बादली घेऊन आला आणि त्या पेंढ्यावर पाणी शिंपडू लागला. हाच प्रविण. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा गोल तुकडा होता, कडा मळलेल्या.

"पाणी कशाला घालतोस?"

"सुकतंय."

"मंगळवारी पहाटे कुठं होतास?"

"बांधावर. राखनदार हाय मी."

"मग काय बघितलंस?"

"काय नाय." त्यानं बादली उचलली आणि निघून गेला.

"हाच!" आदर्श कुजबुजला. "वहिनी, शंभर टक्के हाच. पुरावा सांभाळतोय!"

"पुरावा कोणी पाणी घालून सांभाळतं का हो?" नूतन चिडून म्हणाली.

*

पोपटशेठची कोळंबीची तळी आतल्या बांधाच्या पलीकडच्या कडेला होती. पत्र्याच्या शेडमध्ये कूलर लावून ते बसले होते.

"माझी सगळी कोळंबी खाडीत गेली! त्या पोरानं केलं. पडीक जमिनीची भरपाई काढायला. भिकारडा धंदा!"

"उधाणानंही जाऊ शकते."

"उधाणाचा माझा विमा नाही," पोपटशेठ पटकन म्हणाले आणि मग घाम पुसला. "घातपाताचा आहे."

"म्हणजे तुम्हाला घातपातच हवा."

"मला न्याय हवा!"

"बरं. पण शेठ, आतला बांध तर उभा आहे. पाणी तुमच्या तळ्यात शिरलं कुठून?"

"कुठून तरी! पाणी आहे ते, त्याला काय दार लागतं?"

नूतन तळ्याच्या कडेनं चालत गेली. आतल्या बांधाच्या पायथ्याशी ताजं कापलेलं गवत पसरून टाकलं होतं. तिनं पायानं गवत बाजूला सारलं. निळ्या प्लॅस्टिकच्या पाइपाचं तोंड दिसलं, चांगलं जाडजूड.

"हे काय?"

"भंगार आहे जुनं. तुम्ही तुमचं काम करा हो!"

*

बांधांची कचेरी रोह्याला. वाटेतल्या निडी गावापर्यंत आदर्श बडबडत होता, पुढे भुकेनं गप्प झाला.

कचेरीतल्या अभियंता मृणाली मॅडम चांगल्या होत्या, आणि तेच जास्त संताप आणणारं होतं. वाईट माणसावर निदान ओरडता येतं.

"जनूबाबांना ओळखता?"

"न ओळखून कसं चालेल? दर महिन्याला यायचे. उघाडी खचलीय, पावसाच्या आत दुरुस्त करा, म्हणायचे. मी स्वतः जाऊन पाहिली. प्रस्ताव वर पाठवला. परत आला."

"का?"

"बांध उभा आहे, सबब दुरुस्तीची गरज सिद्ध होत नाही." त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं. "न फुटलेल्या बांधाला निधी नसतो. फुटला की तातडीचा निधी लगेच, आणि मग सगळ्या बांधाची डागडुजी त्यात बसते. गेल्या साली शेजारच्या गावात खांड गेली, दोन दिवसांत मशीन लागलं. नवी उघाडीसुद्धा झाली."

"आणि हे जनूबाबांना माहीत आहे?"

"मीच सांगितलं त्यांना. म्हणजे, असाच नियम आहे म्हणून." मॅडम थांबल्या.

"कोणी केला हो हा नियम?"

"हसू नका. चांगल्या हेतूनं झालाय. पूर्वी धडधाकट बांधांच्या दुरुस्त्या दाखवून लोकांनी पैसे खाल्ले. म्हणून ठरलं, आधी नुकसान दिसलं पाहिजे."

"मी हसत नाहीये," नूतन म्हणाली. "माझं डोकं दुखतंय."

परतताना तिनं स्कूटर प्रविणच्या कंपनीच्या गेटपाशी थांबवायला लावली. तिथला सुरक्षारक्षक बोलका निघाला. नवीन पोरांची रक्ततपासणी मंगळवारी पहिल्या शिफ्टच्या आधी झाली, म्हणाला. बेलखारचा प्रविण अंधारातच येऊन रांगेत उभा राहिला होता.

"सुटला की!" आदर्शनं टाळी वाजवली. "बांधावर नव्हताच तो! मग सांगत का नाही गाढव?"

"तो सुटतो, म्हणूनच सांगत नाही," नूतन म्हणाली. "चला. तुम्हाला काहीतरी खायला घालते."

*

शुक्रवारी दुपारी नूतननं सगळ्यांना खांडीवर बोलावलं. मृणाली मॅडम आल्या, पोपटशेठ छत्री घेऊन आले, जगन होताच. पुतळीबाई प्रविणचा दंड धरून उभ्या होत्या. म्हातारा जनू जरा लांब, बांधावर उकिडवा बसला होता. मागे निम्मं गाव जमलं होतं.

"आधी उधाणाचं बघू," नूतन म्हणाली. "अमावास्या-पुनवेला खाडी फुगते, ते उधाण. आणि मध्ये, दशमी-एकादशीला पाणी मरगळतं. त्याला काय म्हणतात?"

लोक आपापल्या पायांकडं बघू लागले.

"बोला की! कोळणी पेणच्या बाजारात बसून सांगतात, तुम्ही खाडीवर जन्मलात!"

"भांग," मागून एक बाई पुटपुटली.

"भांग. या आठवड्यात मासळी नव्हती, कारण पाणी मेलेलं होतं. पुतळीताई साबुदाणा परतत होत्या, कारण एकादशी होती. एकादशीला उधाण! आख्ख्या गावाला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि आख्खं गाव ते बोलत होतं. कारण उधाणाला भरपाई आहे, दुरुस्ती आहे आणि खऱ्याला काहीच नाही."

"म्हणजे कापला!" पोपटशेठनी छत्री आपटली. "मी काय सांगत होतो?"

"कापला, शेठ. तुमचं बरोबर. आता कोणी कापला? वाईटावर असलेल्या माणसानं उधाणाची रात्र निवडली असती. नुकसान जास्त आणि आळ खाडीवर. जगन म्हणतो तसं, उघाडीपाशी कापला असता. या माणसानं उलटं केलं. वर्षातल्या सगळ्या दिवसांतून पाणी मेलेलं असतं तो दिवस घेतला. बांधाची धडधाकट जागा घेतली, म्हणजे खांड वाढणार नाही. जिच्यामागे काहीच पिकत नाही अशी पडीक जागा घेतली, आणि तिच्यामागे आतला बांध. याला बांध फोडायचा होता, पण गावाचं एकही शेत बुडवायचं नव्हतं."

आदर्श गर्दीतून पुढे आला. "पण मग कापलाच कशाला?"

"तो पेंढा उचला, भावोजी. या वेळी बसू नका."

आदर्शनं पेंढा दूर केला. चिखलाचे गोळे ओलसर काळे दिसले.

"ही कापलेली माती. वैऱ्यानं खाडीत ढकलली असती. यानं एकेक गोळा काढून रचला, वर पेंढा झाकला, कारण ही माती उन्हात तडकली की पुन्हा बांधाला धरत नाही. कापतानाच यानं बुजवायची तयारी करून ठेवली होती. पेंढा कोणाच्या उडवीचा, ते पुतळीताईंना विचारा."

पुतळीबाईंनी प्रविणचा दंड सोडला.

"प्रविण मंगळवारी पहाटे रोह्याला रक्त द्यायला रांगेत होता. जा, बांधाकडं मी बघतो, असं सांगून त्याला कोणीतरी पाठवलं. तो हे सांगून कालच सुटला असता. पण मग पोलिसांनी विचारलं असतं, बांधावर कोण होतं? म्हणून पोरगा गप्प राहिला, आणि माती सुकू नये म्हणून पाणी घालत राहिला."

"आजा, तू काय बोलू नको," प्रविण म्हणाला.

जनू गुडघ्यावर हात रोवून उठला.

"मीच कापला." त्यानं मृणाली मॅडमकडं बघितलं. "किती येला आलो तुमच्याकडं, बाय? उघाडी गेली तर श्रावनात समदं गाव खारं व्हईल, म्हनलं. तुमी म्हनलात, फुटला की या. म्हनून फोडला. वाटलं, दोन दिसांत मशीन लागंल, उघाडी नवी व्हईल, पावसाच्या आधी समदं पक्कं. तरी माती राखून ठेवली, कचेरीचा काय भरवसा? पन माझ्या नातवावर येईल, हे नाय आलं डोक्यात. दोन दिस झाले, इचार करतोय. बोललो तर गावाचा बांध जातो, नाय बोललो तर पोरगा."

"कबुली!" पोपटशेठ ओरडले. "घातपात! सगळे साक्षीदार आहात!"

"थांबा शेठ, तुमचा हिशेब राहिलाय." नूतनला आता खरंच राग आला होता. "आतला बांध शाबूत असताना तुमची कोळंबी गेली ती तुमच्याच पाइपातून. पडीक तुकड्यात झिरपणारं खाडीचं पाणी चोरून घ्यायला आतला बांध फोडून तुम्ही तो घातलात, आणि काल घाईघाईनं गवत टाकलंत. जनूबाबांना पाइप माहीत नव्हता. विमावाल्यांना मीच फोन करते. त्यांची भाषा मला येते."

पोपटशेठनी छत्री मिटली. मग चौकीत जाऊन तक्रारीतलं प्रविणचं नाव मागे घेतो, असं स्वतःहून म्हणाले.

"मॅडम," जनू म्हणाला, "माझं नाव लिवा. खरं लिवा. पन आज ओहोटी लागतेय. उद्या उधान. लिवायच्या आधी बुजवू द्या."

मृणाली मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "मी आदेश देऊ शकत नाही, बाबा. कापलेला बांध नियमात नाही."

"आदेस कोन मागतंय?" म्हाताऱ्यानं पहिला गोळा उचलला.

मग गाव हललं. ज्यांनी तोंडं शिवून घेतली होती तेच लोक आता एकमेकांवर ओरडत चिखल पुढे देऊ लागले. जगननं कपाळाला हात लावला, चार शिव्या हासडल्या आणि पोकलेन चालू केलं. "फुकट, मॅडम! लिहून घ्या, फुकट!" आदर्श गुडघाभर चिखलात उभा होता आणि वहिनीला दिसावं म्हणून जास्तच जोरात काम करत होता.

दुसऱ्या दिवशी उधाण आलं, आणि बांध टिकला. प्रविणला गेटपास मिळाला. त्याच दिवशी जनूवर गुन्हा दाखल झाला. जामीन आदर्श राहिला, वहिनीला न विचारता, आणि ती त्याला एका शब्दानंही बोलली नाही.

ज्येष्ठ लागला तेव्हा नूतन जनूला कोर्टाच्या तारखेला न्यायला बेलखारला गेली. म्हातारा उघाडीपाशी होता. कुजलेल्या फळीच्या खालून माती आणखी खचली होती. तिथेच तिचा फोन वाजला. मृणाली मॅडम होत्या.

"मी उघाडीचा प्रस्ताव पुन्हा पाठवला होता. सगळं खरं लिहून. म्हातारा माणूस तुरुंगात जायला तयार झाला, तेही लिहिलं."

"मग?"

"परत आला. खांड बुजवलेली असून बांध सध्या उभा आहे, म्हणून." पलीकडून आवाज बारीक झाला. "घोसाळकर, मी काय करू? मला तुम्हाला एवढंच सांगता येतं. फुटला की लगेच कळवा."

नूतननं फोन बंद केला. तिला खाडीत काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. जवळ फक्त फोनच होता.

"काय म्हनते बाय?" जनूनं विचारलं.

तिनं सांगितलं, शब्दनशब्द.

म्हातारा खाली वाकला. मग त्यानं पाटी चिखलानं भरली आणि खचलेल्या जागी ओतली.

"तारखेला उशीर व्हईल," तो म्हणाला. "येक पाटी तू घे."

नूतननं पदर खोचला.